लायडनच्या कोळणीच्या बांगड्या

माझ्या लालबागच्या घरात हॉलंडमधली गावं भिंतीवर टांगलेली आहेत. डेल्फ्ट, हार्लेम, लायडन, डॉर्डरेख्ट. कालवे, उघडणारे पूल, पवनचक्क्या, चर्चचे मनोरे. नवीन शेजारीण पहिल्यांदा घरात आली तेव्हा म्हणाली, "अय्या, एवढं फॉरेन फिरलात तुम्ही?" मी कोकणापलीकडे कुठे गेलेली नाही आणि हॉलंडला जायची मला हौसही नाही. मला ते कागदच हवे असतात. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी दगडावर चित्र काढून, काळ्या शाईत छापून, मग एकेक प्रत हाताने ब्रश मारून रंगवलेले कागद. आमच्या घरात त्याला शिळाछाप म्हणतात.

त्यातला एक कागद तीन वर्षं माझ्या भिंतीवर नव्हता. चोरीला गेला होता. चोर कोण ते मला माहीत होतं, आणि त्याच्याच घरी मी दर महिन्याला चहा प्यायला जात होते. का जात होते, तेच सांगायला बसले आहे. मला राग पटकन येतो आणि जायचं नाव घेत नाही. आई म्हणायची, ही पोरगी डूख धरते. खोटं नाही बोलायची.

बाबा गिरगावात, फणसवाडीच्या बाजूला, एका शिळाछापाच्या छापखान्यात रंगाचं काम करायचे. कॅलेंडरं, उदबत्तीच्या पुड्यांवरची लेबलं, साबणाच्या जाहिराती. मालकाच्या आजोबांनी कधीतरी बोटीने मागवलेली परदेशी चित्रं तिथे एका पेटाऱ्यात होती. देवाच्या मागे तळं, पूल, मनोरा काढायचा असला की पेटारा उघडायचा आणि बघून काढायचं. त्यामुळे लहानपणी माझी पक्की समजूत होती की वैकुंठात पवनचक्क्या असतात. पुढे ऑफसेट आलं आणि छापखाना बसला. मालक भला माणूस, म्हणाला, ज्याला जे हवं ते न्या. कोणी पितळेची वजनं उचलली, कोणी सागवानी फळ्या. बाबांनी पेटाऱ्यातले सात कागद उचलले. आई महिनाभर त्यांच्याशी नीट बोलली नाही.

सातातले सहा जुने रंगवलेले होते. सातवा कोरा राहिला होता, नुसता काळा छाप. लायडनचा मासळीबाजार. कालव्याच्या काठाला छत टाकलेले गाळे, पाठीमागे उंच निमुळती घरं, आणि पुढे पायरीवर बसून मासे कापणारी एक बाई. बाह्या मनगटापाशी संपलेल्या, बाजूला टोपली. बाबांनी तो कागद रविवारच्या दुपारी खिडकीत बसून रंगवला, छापखान्यातून आणलेल्या उरल्यासुरल्या रंगांत. मी तेव्हा कॉलेजात होते. त्यांच्या मागे उभी राहून मी बघायचे आणि ते मला हाकलायचे नाहीत. आकाश, पाणी, विटा, सगळं झालं, कालव्याच्या कोपऱ्यात एक निळा थेंबही सांडला. मग त्यांनी सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि त्या बाईच्या दोन्ही मनगटांवर दोन-दोन हिरव्या रेघा मारल्या.

आई ओरडलीच, "अवो, ती मड्डम आसा!"

"आसांदे. हात बोडको बरो दिसणा नाय," बाबा म्हणाले.

छापखान्याचा नियमच होता तो. देवी असो, बाळ घेतलेली आई असो, नाहीतर साबणाची बाई असो, बोडक्या हातांनी कागद बाहेर जायचा नाही. लोक कॅलेंडर घरात लावतात, अपशकुन कोण लावेल? छापून आलेल्या कागदांवर बाबांनी जन्मभर हाताने त्या रेघा मारल्या. बाबा डावखुरे, त्यामुळे त्यांची रेघ उलटी यायची, उजवीकडे जाड आणि डावीकडे केसाएवढी. लायडनच्या कोळणीपाशी आले तेव्हा हात आपोआप चालला. आमच्या घरात तो कायमचा विनोद होऊन बसला. पाहुणे आले की आई भिंग आणून दाखवायची, "आमच्या ह्यांनी मडमेक बांगड्यो भरल्यानी."

मला हा नाद त्या सात कागदांवरूनच लागला. नोकरी लागल्यावर चोरबाजार, माझगावच्या जुन्या घरांतलं सामान, रद्दीची दुकानं, कुठे कुठे म्हणून धुंडाळत फिरले. लग्न केलं नाही, त्याचं खापर नातेवाईक हॉलंडवर फोडतात. सातांचे एकोणीस कागद झाले. या नादातल्या लोकांची एक जात असते आणि त्या जातीत एक शिवी असते, 'नवा रंग'. म्हणजे काय, की छाप जुना असला तरी त्यावरचा रंग त्याच काळातला हवा. नंतर कोणी रंगवलेला असेल तर तो कागद बाद. माझ्या भिंतीवर उघडउघड एक बाद कागद होता आणि तोच माझा सगळ्यात लाडका होता. बाबांचाही. रोज सकाळी चहा घेऊन ते त्याच्यासमोर खुर्ची टाकायचे.

आता सरांकडे येते. दादरला राहणारे, कॉलेजातून निवृत्त झालेले, आणि जुन्या छापील चित्रांतला शेवटचा शब्द आपलाच असं मानणारे. महिन्याच्या एका रविवारी सकाळी त्यांच्याकडे आठ-दहा हौशी माणसं जमायची. मीही जायचे. मला तिथे 'लालबागच्या ताई' म्हणायचे, आणि त्यातलं लालबाग जरा जास्तच उच्चारायचे. एकदा सर माझा संग्रह बघायला घरी आले. एकेका चित्रापुढे हुं, हुं करत गेले आणि मासळीबाजारापुढे थांबले. फ्रेम उतरवायला लावली, कागद उलटा करून बघितला. हिरवा रंग मागच्या बाजूने तपकिरी उतरला होता. या मंडळींचा आडाखा असा की मागून तपकिरी उतरला म्हणजे रंग अस्सल जुना. छापखान्यातला तांब्याचा हिरवा रंगसुद्धा तसाच उतरतो, पण ते त्या खोलीत फक्त मला आणि बाबांना ठाऊक. बाबा आतल्या खोलीत झोपले होते.

सर म्हणाले, "ताई, कागदाला बुरशी धरते आहे. माझ्याकडे द्या, साफ करून देतो."

मी दिला. मूर्ख कुठली! रंगाबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आपली थट्टा करून घ्यायची कशाला, एवढंच मनात होतं.

दोन महिने 'अजून वाळतोय' चाललं. मग फ्रेम परत आली. तोच मासळीबाजार, तीच बाई. मी भिंग लावलं. हात बोडके. सगळा रंग यंत्राने छापलेला, ठिपक्याठिपक्यांचा. कोणीतरी कुठल्यातरी पुस्तकातलं पान मोठं करून माझ्या फ्रेममध्ये घातलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या रविवारी चारचौघांत मी विचारलं, "सर, हा माझा कागद नाही. माझा कुठे आहे?"

सर हसले. "ताई, तुमच्याकडे होतं तेच परत केलंय. वय झालं की आठवण दगा देते. आणि असं बघा, अस्सल रंगाचा असा कागद लालबागच्या चाळीत सापडतो का कधी? छापखान्यातल्या कामगाराच्या घरी?" बाकीचेही हसले, एकाने तर मान डोलावली. आणि सरांच्या पाठीमागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, तिथे टेबलावर माझी कोळण बसली होती.

माझ्या तोंडात वाक्य आलं होतं. 'सर, तो रंग माझ्या बाबांचा आहे, बांगड्या बघा.' बस, एवढंच. एवढं म्हटलं असतं तर त्यांनी तोंड वाकडं केलं असतं आणि तो बाद कागद त्याच दिवशी माझ्या अंगावर फेकला असता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मनात म्हटलं, नाही. एवढ्या स्वस्तात नाही. हा माणूस आठ जणांसमोर माझ्या बापाला कामगार म्हणाला ते शिवी दिल्यासारखं. याला ऐंशी जणांसमोर उताणा पाडायचा. मग मी म्हटलं, "असेल सर. माझीच चूक असेल." आणि चहा प्यायले.

बाबांना सांगितलं की चित्र दुरुस्तीला आहे, वेळ लागेल. ती नकली फ्रेम मी कपाटामागे घातली. भिंतीवर खिळा राहिला.

तेव्हापासून मी सरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला घेतलं. लोक तपश्चर्या म्हणतात ती याहून वेगळी नसावी. सहा महिन्यांनी त्यांनी मासळीबाजार बाहेर काढला, म्हणे एका परदेशी कुटुंबाकडून मिळाला. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी भिंगातून त्या हिरव्या रेघा शोधून काढल्या आणि विचारात पडले. मीच म्हटलं, "सर, तिथल्या कोळणींचा काही खास पेहराव असेल. तुम्ही लिहायला हवं यावर." झालं! सरांनी लिहायला घेतलं. तिथल्या कोळणींच्या हिरव्या किनारीच्या बाह्या, त्यावरून त्या गावचा, त्या काळचा रंग कसा सिद्ध होतो, काय अन् काय. मी मसुदा वाचून द्यायचे. शुद्धलेखनाच्या चुका काढायचे आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून हसायचे. प्रदर्शन भरवा सर, कॅटलॉग काढा सर, बाहेरचे जाणकार बोलवा सर. दर वेळी वाटायचं, सांगून टाकावं. दर वेळी वाटायचं, अजून थोडं वर चढू दे.

याच सुमारास बाबा भिंतीला हात लावून चालायला लागले. परळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू, आणि तोही बराच पुढे गेलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकवायचा प्रयत्न करू. त्यांना जे बघायचं असेल ते आता बघू दे."

रिक्षा तिकडे मिळत नाही, टॅक्सीत बसलो. बाबा म्हणाले, "गो, ता मासळीबाजाराचा चित्र कधी येतला? माका एकदा बघूचा आसा. पाण्याचो रंग माका बरो जमलेलो."

"येईल बाबा. प्रदर्शन झालं की लगेच."

"खंयचा प्रदर्शन?"

मी विषय बदलला. ते वर्षभर विचारत राहिले. आधी रोज, मग आठवड्यातून एकदा. सकाळी खुर्ची टाकायचे त्याच जागी, खिळ्यासमोर. पुढे पुढे त्यांना खुर्चीची दिशा चुकायला लागली आणि मी ती सरळ करून द्यायचे. ड्रॉप्स मी वेळेवर घालायचे, त्यात एक दिवस चुकले नाही. चित्र मात्र आणलं नाही. हॉल मिळायला उशीर, मग कॅटलॉगच्या छपाईला उशीर. मला वाटायचं, बाबांची नजर थांबेल. डॉक्टरांनी टिकवू म्हटलं होतं ना.

प्रदर्शन लागलं ते गिरगावाच्या पुढच्या एका कलादालनात, शनिवारी दुपारी. मी आईची नारायणपेठी नेसले होते. मधल्या भिंतीवर, वेगळा दिवा सोडून, माझी कोळण. खाली पाटी, 'अस्सल समकालीन हस्तरंगकाम'. कागदांच्या जाणकार एक बाई खास दिल्लीहून आल्या होत्या. सरांनी पाऊण तास भाषण केलं, त्यातली वीस मिनिटं बाह्यांवर. मग म्हणाले, "कोणाला काही प्रश्न?"

मी उभी राहिले.

"सर, त्या बाह्या नाहीत. त्या बांगड्या आहेत. लग्न झालेल्या बाईच्या हिरव्या बांगड्या."

थोडे लोक हसले. सर म्हणाले, "ताई, हॉलंडमध्ये बांगड्या?"

"हॉलंडमध्ये नाही. लालबागमध्ये. आमच्या घराच्या खिडकीत बसून भरल्या त्या. माझ्या बाबांनी." पिशवीतून मी दोन वस्तू काढल्या. एक जुनं कॅलेंडर, बाबांच्या छापखान्याचं, बाळ घेतलेली आई. दुसरा माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्याचा फोटो, आमच्या घरातला. तिच्या डोक्यामागे भिंतीवर हेच चित्र, आणि कालव्याच्या कोपऱ्यात बाबांच्या हातून पडलेला निळ्या रंगाचा थेंब.

दिल्लीच्या बाई पुढे आल्या. भिंग घेतलं. कॅलेंडरवरची आई बघितली, कोळण बघितली, परत आई. "एकच हात आहे," त्या हिंदीत म्हणाल्या, "डावखुरा. रेघ उजवीकडून सुरू होते." मग निळा थेंब बघितला, फोटो बघितला आणि सरांकडे बघितलं. कॅटलॉग मिटून त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवला. पाठीमागे कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा हॉलच हसायला लागला. सरांचं तोंड असं झालं की मला ते फ्रेम करून लावावंसं वाटलं.

"म्हणजे हे कोणीतरी रंगवून बिघडवलेलं आहे!" सर ओरडले.

"हो ना. बिघडवलेलं. आणि माझं आहे. द्या."

त्यांनी स्वतःच्या हाताने फ्रेम उतरवली. ऐंशी माणसं बघत होती. मी मोजली नव्हती, पण माझ्या हिशेबात ऐंशीच. फ्रेम हातात घेताना मी म्हटलं, "सर, बाबा कामगारच आहेत. तुमच्या कॅटलॉगात त्यांचं काम छापलंत, आभारी आहे." इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. सरांकडचे रविवार त्या दिवसापासून बंद पडले. ते आठवून मला आजही गोड वाटतं. मला त्याचं वाईट वाटत असेल असं कोणी समजू नये.

टॅक्सीत फ्रेम मांडीवर घेऊन बसले. घरी आले तेव्हा उन्हं खिडकीतून सरळ आत येत होती. बाबा खुर्चीत होते. चप्पल काढायच्या आधी मी त्यांना चोरीपासून सगळं सांगितलं. सरांची नक्कल केली, बाह्या, दिल्लीच्या बाई, सगळ्यांचं हसणं. बाबा मांडीवर थाप मारून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "डावखुरो म्हणान वळाखल्यान? शाबास!" मग हात पुढे केले.

मी फ्रेम दिली. त्यांनी काचेवरून बोटं फिरवली. फ्रेम डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, तिरकी केली, मान वळवून एका बाजूने बघितलं.

"गो, जरा उजेडात धर."

"उजेडातच आहे, बाबा."

त्यांनी फ्रेम मांडीवर ठेवली. मग विचारलं, "बांगड्यांचा सांगलंस, आणि तेणी लगेच दिल्यान?"

"लगेच! तिथल्या तिथे," मी अजून त्याच तारेत होते.

"म्हणजे तीन वर्सां आधी सांगलं असतंस, तर तेव्हाच दिल्यान असता?"

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं, मला रागाशी बोलता येतं. त्यांनी फ्रेम चाचपडत माझ्या हातात दिली आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.

"लाव भिंतीक," ते म्हणाले. "तुका दिसता मा, तू बघ."

खिळा होताच. मी फ्रेम लावली, सरळ केली आणि बघत उभी राहिले.